नेटवर्कवरून पीसी सुरू होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

कॉम्प्युटर लॅबमधल्या चाळीस पीसींवर एकाच दिवशी विंडोज किंवा लिनक्स टाकायचं असेल, तर पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक पीसीपाशी फिरावं लागत नाही. नेटवर्क बूट, म्हणजेच पीएक्सई, यासाठीच आहे. पीसी चालू होताच तो डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून आयपी पत्ता घेतो, बूट फाइल कुठे आहे ते विचारतो, टीएफटीपी या साध्या फाइल-प्रोटोकॉलने ती मेमरीत उतरवतो आणि चालवतो. इंटेलच्या पीएक्सईची २.१ ही आवृत्ती १९९९ची; तिचा पूर्वज असलेला बूटपी हा प्रोटोकॉल १९८५चा. तंत्र इतकं जुनं असूनही त्याविषयीचे काही गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज : सगळं काम सर्व्हर करतो, पीसी नुसता पडदा.
वस्तुस्थिती : सर्व्हर फाइली देतो. त्या चालतात पीसीच्याच प्रोसेसरवर आणि रॅममध्ये. प्रोग्राम सर्व्हरवर चालवून फक्त चित्र पीसीवर दाखवणारी टर्मिनल सर्व्हरची रचना वेगळी.

गैरसमज : नेटवर्क बूट केलं की हार्ड डिस्क पुसली जाते.
वस्तुस्थिती : नुसत्या बूटने डिस्कला हात लागत नाही. पुढे जो प्रोग्राम चालतो त्यावर सगळं अवलंबून. मेमरी तपासणारा प्रोग्राम डिस्ककडे पाहतही नाही. आपोआप चालणारा इन्स्टॉलर मात्र न विचारता ती फॉरमॅट करू शकतो.

गैरसमज : त्यासाठी राउटरचं डीएचसीपी बंद करावं लागतं.
वस्तुस्थिती : गरज नाही. प्रॉक्सी डीएचसीपी ही सोय पीएक्सईतच आहे. आयपी पत्ता राउटर देतो, बूट फाइलची माहिती दुसरा सर्व्हर देतो.

गैरसमज : बूटला वेळ लागतो, म्हणजे केबल किंवा स्विच खराब.
वस्तुस्थिती : अनेकदा कारण टीएफटीपी असतं. मूळ पद्धतीत ते ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतं आणि पोच मिळेपर्यंत थांबतं. ५० एमबीच्या फाइलला अशा एक लाखावर फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी पावणेदोन मिनिटांच्या आसपास जातात. तुकडा १,४६८ बाइटचा केला की फेऱ्या सुमारे ३६ हजारांवर येतात. मोठ्या फाइली एचटीटीपीने आणणं त्याहून बरं. आयपीएक्सई या बूट प्रोग्रामला ते जमतं आणि यूईएफआय या फर्मवेअर मानकातही २०१५च्या २.५ आवृत्तीपासून त्याची सोय आहे.

गैरसमज : सगळं आपल्याच लॅनवर आहे, मग धोका कसला?
वस्तुस्थिती : साधं पीएक्सई उत्तर देणाऱ्याची ओळख तपासत नाही. त्याच नेटवर्कवर कुणी बनावट डीएचसीपी सर्व्हर लावला, तर पीसी त्याचीही फाइल चालवेल. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेली फाइल अडवली जाते. तरीही इन्स्टॉलेशनचं काम वेगळ्या व्हीलॅनवर (आभासी लॅनवर) करावं आणि ते संपलं की बूट क्रमात डिस्क पहिली ठेवावी.