डोकेदुखी सगळी सारखी नसते: मान दाबून कोणती थांबते, कोणती नाही?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आठ-आठ तास यंत्रासमोर मान खाली घालून काम करणाऱ्यांना डोकेदुखी नवी नाही. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. मेडिकलमधून एक गोळी, कपाळाला बाम, नाहीतर सलूनमध्ये डोक्याची मालिश आणि शेवटी मान ‘कडकड’ मोडून घेणं. यातल्या काही उपायांनी खरंच बरं वाटतं, काहींनी मात्र दुखणं वाढतं. हा फरक समजण्यासाठी आधी आपलं डोकं कोणत्या प्रकारचं दुखतंय, हे ओळखायला हवं.

डोकेदुखीचे मुख्य प्रकार

ताणाची डोकेदुखी: हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. डोक्याभोवती घट्ट फडकं बांधल्यासारखं दोन्ही बाजूंनी दुखतं. ठणका नसतो, उलटी होत नाही आणि माणूस काम करू शकतो. अपुरी झोप, चिंता, उपाशीपोटी काम, मानेचे आखडलेले स्नायू ही नेहमीची कारणं.

अर्धशिशी (मायग्रेन): डोकं ठणकतं, बहुतेकदा एका बाजूला, पण दोन्ही बाजूंनाही दुखू शकतं. मळमळ होते, उजेड आणि आवाज नकोसा वाटतो, जिना चढला तरी त्रास वाढतो. उपचार न केल्यास हे दुखणं 4 ते 72 तास टिकतं. आपल्याकडे अनेक जण याला ‘पित्ताचं डोकं’ किंवा ‘सायनस’ समजतात आणि वर्षानुवर्षं भलतंच औषध घेत राहतात.

मानेतून येणारी डोकेदुखी: दुखणं मानेत सुरू होऊन एका बाजूने डोळ्यापर्यंत येतं. मान वळवली की वाढतं. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळच्या नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस यांचे संदेश मेंदूकडे जाताना एकाच केंद्रात पोचतात. त्यामुळे दुखतं मानेत, पण जाणवतं कपाळात.

क्लस्टर डोकेदुखी: हा प्रकार दुर्मीळ, पण अतिशय तीव्र असतो. एका डोळ्याभोवती 15 मिनिटं ते 3 तास असह्य कळा येतात, डोळा लाल होतो, पाणी येतं. रुग्ण पडून राहू शकत नाही, येरझाऱ्या घालतो.

गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी: साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, किंवा एकापेक्षा जास्त औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखीचं कारण बनू शकते. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणं, असं चक्र सुरू होतं.

हाताने केलेले उपचार कुठे उपयोगी?

प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट मानेचे सांधे हलक्या हाताने मोकळे करतात, आखडलेल्या स्नायूंवरच्या दुखऱ्या गाठी दाबून सैल करतात आणि मानेच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम शिकवतात. सर्वाधिक फायदा मानेतून येणाऱ्या डोकेदुखीत होतो. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात 200 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांचे असे उपचार किंवा व्यायाम घेणाऱ्यांची डोकेदुखी कमी झाली आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकून होता.

ताणाच्या डोकेदुखीत मालिशने आराम पडतो, पण बसण्या-उभं राहण्याची सवय बदलली नाही तर दुखणं परत येतं. अर्धशिशीत मालिश जोडीला चालेल, औषधाला पर्याय म्हणून नाही. क्लस्टर आणि गोळ्यांच्या डोकेदुखीत नुसती मान दाबून काही साधत नाही. तिथे डॉक्टरच हवेत.

मान मोडून घेणं का टाळावं?

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. मानेला झटका दिल्यावर त्यांचं आतलं अस्तर फाटून रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघात येऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर नुकसान मोठं असतं. डोक्याची हलकी चंपी करायला हरकत नाही. मानेला झटका मात्र कुणालाही देऊ देऊ नये.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- क्षणात सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी
- ताप आणि मान ताठ होणं
- तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं
- डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं तीव्र दुखणं

अशा वेळी मालिश किंवा गोळीत वेळ घालवू नये. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. कुपवाडला सांगली आणि मिरज ही दोन्ही शहरं जवळ आहेत. मिरजेत 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

आजपासून काय करता येईल?

एका वहीत महिनाभर नोंद ठेवा: डोकं कधी दुखलं, कोणत्या बाजूला, किती वेळ, त्याआधी जेवण-झोप झाली होती का आणि किती गोळ्या घेतल्या. कामात तासाभराने दोन मिनिटं मान वर करून खांदे फिरवा, उन्हाळ्यात तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. महिन्यात गोळ्यांचे दिवस दहाच्या वर गेले, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोकेदुखीचा प्रकार ठरवताना अनेकदा महागड्या तपासणीपेक्षा हीच नोंद जास्त कामी येते.