बांधावरचा वाळा

मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर ओढ्याला गढूळ पाणी येते. तो रंग शेतातील सुपीक मातीचा असतो. बोटभर जाडीचा मातीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून तो थोड्याच पावसाळ्यांत वाहून जातो. ही हानी थोपविण्याचे एक साधन आपल्याच भूमीत आहे. ते म्हणजे वाळा.

वाळ्याची मुळे फारशी आडवी न पसरता सरळ खोल जातात. पोषक जमिनीत ती ३ मीटरपर्यंतही पोचतात. वर त्याची ताठ पाती दाट कुंपणासारखी उभी राहतात. उतारावरून धावणारे पाणी त्यांच्याशी अडते, मंदावते व पसरते. वेग कमी झाला की गाळ तेथेच बसतो आणि पाणी जमिनीत मुरते. काही वर्षांत ओळीच्या वरच्या अंगास आपोआप बांध तयार होतो. कर्नाटकातील गुंडलुपेटच्या परिसरात शेतकरी पूर्वापार शेताच्या हद्दीवर वाळा लावीत आले आहेत.

पावसाळ्याच्या आरंभी वाळ्याचे ठोंब फोडून, उतारास आडव्या समपातळीच्या ओळीत १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर लावावेत. मध्ये खंड राहिल्यास तेथूनच ओघळ पडते. सुवासिक मुळांच्या मोहाने ही ओळ खणू नये.

शिक्षकांनी वर्गात पुढील प्रयोग करावा. दोन तिरप्या पाट्यांपैकी एकीत नुसती माती व दुसरीत गवतासह माती ठेवावी. दोहींवर झारीने सारखेच पाणी घालून खाली आलेले पाणी काचेच्या पेल्यांत धरावे. दोन्ही पेले पाहिल्यावर मुलांना शाळेच्या आवारातील उघडा उतार दाखवावा व तेथे काय करावे, हे त्यांनाच विचारावे.