तक्रारीचा पत्ता

मार्कंडेयाला आपल्या मरणाचं वय ठाऊक होतं. सोळा. शंभर वर्षं जगणारा मठ्ठ मुलगा हवा की सोळाच वर्षं जगणारा गुणी, असं देवानं विचारल्यावर आईबापांनी गुणी मागून घेतला होता. सोळावं सरलं, यम पाश घेऊन आला, तेव्हा पोरानं शिवलिंगाला जी मिठी मारली ती सोडलीच नाही. पद्मशाली समाज स्वतःला या मार्कंडेयाच्या कुळातला मानतो. तेलंगणातून आलेल्या या विणकरांनी सोलापूरचा पूर्वभाग वसवला. भवानी पेठ, साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक, जिथवर मागांची खटखट ऐकू येते तिथवर घराघरांत मार्कंडेयाची ही गोष्ट माहीत असते. नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो. शहरातल्या एका सहकारी रुग्णालयालाही त्याचंच नाव आहे, आणि मला ते फार चपखल वाटतं. देवाला मिठी मारायची, पण वेळेवर ॲडमिटही व्हायचं.

जगण्याला अर्थ आहे की नाही, हा प्रश्न मराठी साहित्यात बहुधा पुण्यातल्या वसतिगृहांत पडतो. 1963 मध्ये 'कोसला' आली आणि पांडुरंग सांगवीकरनं तो प्रश्न शिकलेल्या तरुणांच्या नावे करून टाकला. नायकाचं नाव पांडुरंग, आणि विटेवरच्या पांडुरंगाशी त्याचं देणंघेणं जवळपास नाही. हा विनोद नेमाड्यांनी जाणूनबुजून केला असावा. पण सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न नऊशे वर्षं जुना आहे आणि तो पहिल्यांदा विचारला गेला तो भर कामाच्या जागेवर.

बाराव्या शतकात सोलापूरला सोन्नलिगे म्हणत. सिद्धराम इथे तळं खोदत होता, अडुसष्ट लिंगांची स्थापना करत होता, शेकडो माणसं कामाला लावत होता. पंधराव्या शतकात कन्नडमध्ये संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या संवादग्रंथात असं येतं की अल्लमप्रभू तिथे आला आणि सिद्धरामाला खोदकाम करणारा म्हणून त्यानं हिणवलं. आपल्या गुरूचा अपमान झाला म्हणून मजूर खवळले आणि त्यांनी अल्लमावर दगड फेकले. सिद्धराम संतापून धावून आला. मग दोघांचं जे बोलणं झालं त्यात अल्लमाचा रोख एकाच गोष्टीवर होता: या सगळ्या बांधकामात 'मी केलं' किती आहे? तळं खोदून तुला काय मिळालं? कर्तबगार माणसाला निराश करायला याहून धारदार प्रश्न नसेल. आयुष्यभराच्या कामाकडे परक्याच्या नजरेनं पाहायला लावणारा तो प्रश्न आहे.

सिद्धराम त्याच्याबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला गेला, चन्नबसवण्णांकडून त्यानं दीक्षा घेतली, पुढे शून्यसिंहासनाचा अधिकारीही झाला. शेवटी सोलापुरात परतून समाधिस्थ झाला. धर्मचर्चा करणारे यात अल्लमाचा विजय पाहतात. मला मात्र एवढंच दिसतं की प्रश्न मान्य करूनही तळं कुणी बुजवलं नाही. ते आजही भुईकोट किल्ल्याला लागून आहे आणि त्याच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ उभं आहे.

संक्रांतीच्या सुमारास याच सिद्धरामाची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा म्हणजे गड्डा भरतो. सात नंदीध्वज निघतात, निरनिराळ्या समाजांकडे त्यांचे मान असतात, बाराबंदी घातलेली माणसं 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणत चालतात. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. लग्न असतं ते सिद्धरामाच्या योगदंडाचं, एका कुंभार कन्येशी. तिनं सिद्धरामालाच वरलं होतं. तो म्हणाला, मी शिवाचा, माझ्या दंडाशी लग्न कर. तिनं केलं, आणि मग अग्नीत उडी घेतली. दरवर्षी शहर तिचं लग्न लावतं आणि होम मैदानावर तिच्या प्रतीकाला अग्नी देतं. भक्तीचा हा परमोच्च क्षण मानला जातो. मला हा शेवट आजवर पचलेला नाही. सिद्धरामाची वचनं उरली, अल्लमाची उरली. तिला त्या रात्री काय वाटलं असेल याची एक ओळ कुणी जपून ठेवलेली नाही.

त्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याला 1338 साली गावकुसाचं बांधकाम कोसळून संत चोखामेळा गेला. वेठीला धरलेला मजूर म्हणून गेला. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्याच्या अस्थी ओळखून आणल्या, विठ्ठलाचं नाव ज्यांतून ऐकू आलं त्या, अशी कथा. पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्याची समाधी बांधली गेली. अस्पृश्य म्हणून जिवंतपणी आत जाता आलं नाही ते मेल्यावरही नाहीच. चोख्याचे अभंग आर्त आहेत हे सगळेच सांगतात. त्याचा मुलगा कर्ममेळा मात्र आळवणी करत बसत नाही, विठ्ठलाला सरळ जाब विचारतो: हा जन्म दिलासच कशाला, आमच्या वाट्याला हे उष्टं जगणं का? बापलेकांत श्रद्धा कुणाची मोठी, हा वाद मला पोकळ वाटतो. मुलगा देवाशी भांडतो, पण देवाचा पत्ता त्याला पक्का ठाऊक आहे. शिव्या घालायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं.

सोलापूरकडून हा विषय पाहताना मला जे सांगायचं आहे ते हेच. दुःख, संताप, शंका यांना आपण सरसकट निराशा म्हणतो. माणूस तक्रार करतो आहे तोवर तो अजून कुणाशी तरी बोलत असतो. घात होतो तो तक्रारीला पत्ता उरत नाही तेव्हा.

साने गुरुजींचं उदाहरण इथे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही आणि ते घेताना हात कचरतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि ते सगळं लिहून घेणारे गुरुजी होते. गीतेचा पहिलाच अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे आणि परंपरेनं त्या विषादालाही योग म्हटलं आहे. हा विचार गुरुजींच्या कानांवरून नव्हे, लेखणीतून गेलेला. आयुष्याच्या मध्यावर सगळं हाताशी असून 'पण कशासाठी?' या प्रश्नानं हादरलेला आणि अखेर अडाणी शेतकऱ्यांच्या श्रद्धेकडे वळलेला टॉलस्टॉय त्यांच्या आवडीचा. त्याचा कलाविचार त्यांनी मराठीत आणला. मग 1947 चा मे महिना. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी 1 मे रोजी उपोषण सुरू केलं. चोख्याच्या समाधीपासून देवळाच्या आतपर्यंतचं अंतर काही पावलांचं, ते कापायला सहाशे वर्षं लागली होती. दहा दिवसांनी देवळाच्या पुजाऱ्यांनी, बडव्यांनी, मान्यता दिली. श्रद्धेचा एवढा रोकडा विजय महाराष्ट्रानं क्वचितच पाहिला असेल.

तीन वर्षांनी, 11 जून 1950 रोजी, त्याच माणसानं स्वतःचं आयुष्य संपवलं. मधल्या काळात गांधीजींचा खून झाला होता, त्यावर गुरुजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं होतं, 'साधना' साप्ताहिक काढलं होतं. कारणं शोधणाऱ्यांनी स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास सांगितला, हळवा स्वभाव सांगितला. एका कारणावर बोट ठेवायची माझी तयारी नाही. असा शेवट एका कारणानं होत नसतो. मात्र 'श्रद्धा असती तर असं झालं नसतं' हे वाक्य ज्यांच्या तोंडी सहज येतं त्यांनी गुरुजींचं नाव आठवून गप्प बसावं. श्रद्धा त्यांच्याकडे कुणाहूनही कमी नव्हती. त्यांचं लेखन वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवते: जगाचं पाप ते स्वतःच्या अंगावर घेतात, देवाकडून काही वसूल करत नाहीत. कर्ममेळ्याची ती फटकळ हिंमत त्यांच्याजवळ नव्हती.

देव न मानणारेही या हिशेबात येतात. आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असताना पुण्यात निघाली. दम्यानं ते 1895 मध्ये गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. 'सुधारका'तले त्यांचे लेख तक्रारींनी भरलेले आहेत, आणि त्या तक्रारींचा पत्ता वाचक हाच होता. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये काम्यूचं सिसिफसवरचं पुस्तक आलं. दगड पुन्हा पुन्हा वर ढकलणाऱ्याला सुखी समजावं, असं काम्यू म्हणतो. कोटणिसांना जखमी सैनिकांच्या रांगेपुढे असलं काही समजून घ्यायला सवड नसावी.

सोलापूरच्या कामगारांनी मात्र तक्रारीचे पत्ते अनेकदा बदलले. 1877 ची जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांचे भोंगे शहराला उठवत. मे 1930 मध्ये इंग्रजांचा अंमल इथे काही दिवस उठला, मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. गड्ड्याच्या तोंडावरची ही तारीख. चार पुतळ्यांना हार घालून शहर नंदीध्वजांकडे वळतं. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. घरोघरी माग राहिले, सोलापुरी चादरीला 2005 मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण मानांकनानं मजुरी वाढत नाही.

बायकांनी विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या पैशांत छप्पर होत नाही, हे लाल बावट्याच्या मोर्चांत त्यांनी ओरडून सांगितलं. कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकारानं कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं झाली; त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि तिच्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये ताब्यात मिळाली. या विडी वळणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी मोर्चाला जातात तशाच कोजागिरीला तुळजापूरची वाटही चालतात, साधारण पंचेचाळीस किलोमीटर. रूपाभवानीला नमस्कार करून त्या वेशीबाहेर पडतात. नवस हा एक करारच असतो: तू हे कर, मी चालत येईन. सुशिक्षित माणूस या देवघेवीला हसतो. मला तिच्यात मागणी नोंदवण्याची सवय दिसते, आणि ही सवय मोर्चात कामाला येते.

आता मागावरच्या तरुण पोराकडे टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे. रात्री-अपरात्री कुणीतरी ऐकून घेतं आणि त्याचं मोल फार मोठं आहे; ज्याला गरज आहे त्यानं तो बेधडक फिरवावा. पण पलीकडच्या माणसाला खासगी सावकाराचं व्याज कमी करता येत नाही, पडून राहिलेल्या टॉवेलांना गिऱ्हाईक आणता येत नाही. ती तक्रार दुसऱ्या दाराशी न्यावी लागते, आणि जिथे किती विणलं त्यावर मजुरी ठरते तिथे दार शोधायला निघालेल्याचा तेवढा दिवस बुडतो.