पोथीचा ठाव : ऑक्सफर्डचे बोडलियन ग्रंथालय आणि आपण

बॉवर हस्तलिखित हे नाव आपणांपैकी प्रत्येकाने पदवी अभ्यासक्रमात आयुर्वेदाच्या इतिहासाबरोबर वाचलेले आहे. लशुनाचे गुणवर्णन आणि ‘नावनीतक’ हा योगसंग्रह यांमुळे ते आपल्या शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले, हेही आपण जाणतो. परंतु ते हस्तलिखित आज कोठे आहे आणि इतक्या दीर्घकाळ ते सुरक्षित कसे राहिले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ते इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलियन ग्रंथालयात १८९८ पासून जतन केलेले आहे. ज्या व्यवस्थेने ते टिकविले, तिचा इतिहास व रचना थोडक्यात मांडण्याचा या लेखात आम्ही प्रयत्न करीत आहोत. ही माहिती केवळ कुतूहलापोटी देत नाही. जुन्या वैद्य घराण्यांच्या माळ्यावर आणि औषधशाळांच्या कपाटांत आजही पोथ्या व योगांच्या वह्या पडून आहेत. त्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न आपल्यासमोर आहे.

पहिले ग्रंथालय आणि त्याचा नाश

ऑक्सफर्ड विद्यापीठाला पहिला मोठा ग्रंथसंग्रह ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री याच्याकडून मिळाला. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याचा हा धाकटा भाऊ. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने २८० हून अधिक हस्तलिखिते विद्यापीठास दिली. त्यांच्यासाठी धर्मशास्त्राच्या पाठशाळेवर एक दालन बांधण्यात आले व ते १४८८ मध्ये खुले झाले. दान मोठे होते, दालनही भव्य होते. तरीही सहावा एडवर्ड याच्या कारकीर्दीत, १५५० मध्ये, जुन्या पंथाच्या खुणा पुसून टाकण्याच्या आवेशात तेथील ग्रंथ काढून टाकण्यात आले. पुढे १५५६ मध्ये वाचनाची बाकेही विकली गेली. लक्षणीय गोष्ट अशी की, रिकामे झालेले ते दालन वैद्यक विद्याशाखेच्या ताब्यात गेले. म्हणजे ग्रंथ गेले आणि त्या जागेत वैद्य बसले. मूळ संग्रहातील मोजकेच ग्रंथ पुढे परत मिळू शकले.

या घटनेतून निघणारा निष्कर्ष आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ग्रंथ गोळा करणे आणि ग्रंथ टिकविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्यास द्रव्य व औदार्य पुरते; दुसऱ्यास मात्र नियम, नोंद आणि ती सांभाळणारा जबाबदार मनुष्य लागतो.

बोडले यांनी घालून दिलेली घडी

सर थॉमस बोडले हे राणी पहिली एलिझाबेथ हिच्या सेवेतील राजदूत होते. निवृत्तीनंतर १५९८ मध्ये त्यांनी स्वखर्चाने ग्रंथालय पुन्हा उभारून देण्याचा प्रस्ताव विद्यापीठापुढे ठेवला. दि. ८ नोव्हेंबर १६०२ रोजी ते वाचकांसाठी खुले झाले, तेव्हा तेथे सुमारे २,००० ग्रंथ होते. बोडले यांनी केवळ ग्रंथ दिले नाहीत, तर चार गोष्टींची घडी बसवून दिली.

पहिली गोष्ट नियुक्त ग्रंथपालाची. थॉमस जेम्स हे पहिले ग्रंथपाल झाले आणि बोडले त्यांना कामाविषयी सतत पत्रांतून सूचना देत राहिले. दुसरी गोष्ट सूचीची. १६०५ मध्ये ग्रंथालयाची छापील सूची प्रसिद्ध झाली. ग्रंथ धर्मशास्त्र, वैद्यक, विधी आणि कला या चार विद्याशाखांनुसार लावलेले होते व सूचीही त्याच क्रमाने होती. १६२० च्या सूचीत ग्रंथकारांच्या नावांचा वर्णानुक्रम स्वीकारण्यात आला, कारण वाचक बहुधा ग्रंथकाराचे नाव घेऊन येतो. तिसरी गोष्ट ग्रंथांच्या अखंड पुरवठ्याची. १६१० मध्ये लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी करार होऊन तेथे नोंदविलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयास मिळावी असे ठरले. या प्रथेला पुढे कायद्याचे स्वरूप आले आणि एप्रिल २०१३ पासून तिची व्याप्ती अंकीय प्रकाशनांपर्यंत वाढविण्यात आली.

चौथी गोष्ट नियमांच्या कठोरतेची. ग्रंथ तेथेच बसून वाचावयाचा, बाहेर न्यावयाचा नाही, हा दंडक होता. मोठ्या आकाराचे ग्रंथ साखळीने फळीस जोडलेले असत. १६४५ मध्ये यादवी युद्धाच्या काळात राजा पहिला चार्ल्स याने एक ग्रंथ मागविला, तेव्हा त्यास नकार देण्यात आला. १६५४ मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या मागणीलाही तेच उत्तर मिळाले. ज्या दोन पक्षांनी एकमेकांविरुद्ध शस्त्रे उचलली, त्या दोहोंस ग्रंथालयाचा नियम मात्र एकच लागू झाला. येणारा प्रत्येक नवा वाचक आजही एक प्रतिज्ञा करतो. ग्रंथ बाहेर नेणार नाही, त्यावर खुणा करणार नाही, वास्तूत अग्नी वा ज्योत आणणार नाही, असा तिचा आशय आहे. अग्नीचे हे भय इतके खरे होते की, जुन्या दालनात १८४५ पर्यंत उष्णतेची आणि १९२९ पर्यंत कृत्रिम प्रकाशाची सोय नव्हती.

अर्थात या व्यवस्थेतही उणिवा होत्या. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला संग्रह ग्रंथालयास त्या वेळी मिळाला होता. पुढे नवी आवृत्ती आल्यावर, सुमारे १६६४ मध्ये, जुनी प्रत अनावश्यक म्हणून विकण्यात आली. तीच प्रत १९०६ मध्ये ३,००० पौंड देऊन परत घ्यावी लागली. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी रद्दीत घालणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण स्मरणात ठेवावे.

एका चिकित्सकाचे दान

बोडलियनच्या वास्तुसमूहातील सर्वांत परिचित इमारत म्हणजे घुमट असलेले वर्तुळाकार रॅडक्लिफ कॅमेरा. ती एका चिकित्सकाच्या दानातून उभी राहिली आहे, हे आपल्या व्यवसायबंधूंस मुद्दाम सांगावेसे वाटते. डॉ. जॉन रॅडक्लिफ हे आपल्या काळातील राजघराण्याचे नामांकित चिकित्सक. १७१४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ग्रंथालय बांधण्यासाठी त्यांनी ४०,००० पौंड ठेवले होते. वास्तुविशारद जेम्स गिब्ज यांच्या आराखड्यानुसार १७३७ ते १७४९ या काळात हे काम झाले. त्यांच्याच विश्वस्त निधीतून ऑक्सफर्डमध्ये रुग्णालयही उभे राहिले. ते १७७० मध्ये सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात रॅडक्लिफ ग्रंथालयाने निसर्गविज्ञान व वैद्यक या विषयांवर भर दिला. १८६१ मध्ये ते ग्रंथ विद्यापीठाच्या नव्या संग्रहालयाच्या वास्तूत हलविण्यात आले आणि घुमटाखालील दालन बोडलियनचे वाचनालय झाले. रुग्णांकडून मिळालेले द्रव्य रुग्णालय आणि ग्रंथालय या दोहोंकडे वळविणाऱ्या या चिकित्सकाचे उदाहरण आम्हांस अनुकरणीय वाटते.

संस्कृत पोथ्या तेथे कशा पोहोचल्या

मुंबईच्या लष्करात अधिकारी असलेल्या जोसेफ बोडेन याने ऑक्सफर्डमध्ये संस्कृतच्या अध्यासनासाठी संपत्ती ठेवली. धर्मप्रसारास साहाय्य व्हावे, हा त्यामागील त्याचा हेतू होता. या अध्यासनावर १८३२ मध्ये होरेस हेमन विल्सन यांची पहिली निवड झाली. विल्सन हे मूळचे शल्यचिकित्सक. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत ते १८०८ मध्ये भारतात आले होते. त्यांनी जमविलेली हस्तलिखिते बोडलियनने १८४२ मध्ये विकत घेतली. थिओडोर आउफ्रेख्ट यांनी १८५९ ते १८६४ या काळात तेथील संस्कृत पोथ्यांची सविस्तर सूची लॅटिन भाषेत प्रसिद्ध केली. पुढे १९०९ मध्ये नेपाळचे महाराज चंद्र शमशेर यांनी ६,००० हून अधिक हस्तलिखिते विद्यापीठास दिली. या प्रचंड संग्रहातील ज्योतिषशास्त्राच्या पोथ्यांची वर्णनात्मक सूची डेव्हिड पिंग्री यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. दान आणि ही सूची यांत पंचाहत्तर वर्षांचे अंतर पडले. संपन्न विद्यापीठातही सूचीचे काम किती चिकाटीचे असते, हे यावरून दिसते.

आता बॉवर हस्तलिखिताकडे वळू. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या सेनाधिकाऱ्यास भूर्जपत्रावर लिहिलेली ही पोथी स्थानिक माणसाकडून मिळाली. तो त्या भागात एका खुन्याच्या शोधात फिरत होता. पोथी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. तेथे रूडॉल्फ हर्न्ले यांनी तिचे वाचन केले व १८९३ ते १९१२ या काळात तिची संपादित आवृत्ती भाषांतरासह प्रसिद्ध केली. पोथीचा काळ चौथ्या ते सहाव्या शतकादरम्यानचा मानला जातो. तिच्या सात भागांपैकी पहिले तीन वैद्यकविषयक आहेत. दुसरा भाग नावनीतकाचा. त्यात चूर्ण, घृत आणि तैल यांपासून आरंभ करून बस्ती, रसायन, यवागू, वाजीकरण, अंजन, केशरंजन, तसेच हरीतकी, शिलाजतु व चित्रक यांचे कल्प क्रमाने आलेले आहेत. बालरोगांचे प्रकरण चालू असतानाच पोथी तुटते. त्यापुढील पत्रे उपलब्ध नाहीत. १९२५ मध्ये लाहोर येथून नावनीतक स्वतंत्रपणे छापले गेले आणि ते वैद्यांच्या हाती आले. ज्या पत्रांना जागा व नोंद मिळाली ती आज वाचता येतात. जी मिळाली नाहीत, त्यांतील योग कायमचे गेले.

जागा, खूण आणि नोंद

आज बोडलियन ही एक इमारत नसून ग्रंथालयांचा समूह आहे. छापील साहित्याची संख्या १ कोटी ३० लाखांहून अधिक आहे. दुर्मिळ ग्रंथ व हस्तलिखिते यांच्यासाठी १९३० च्या दशकातील इमारतीचे नूतनीकरण करण्यात आले व २०१५ पासून ती वेस्टन ग्रंथालय या नावाने ओळखली जाते. कमी मागणी असलेले ग्रंथ ऑक्सफर्डपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, स्विंडनजवळील कोठारात ठेवले जातात. २०१० मध्ये सुरू झालेल्या या कोठारातील फळ्यांची एकूण लांबी सुमारे २४६ किलोमीटर आहे.

या कोठारात ग्रंथ विषयानुसार लावलेले नाहीत, तर आकारानुसार. वैद्यकाच्या शेजारी व्याकरण असू शकते. प्रत्येक ग्रंथास बारकोड असतो, तो ज्या खोक्यात आहे त्यासही असतो, आणि या दोहोंचा मेळ संगणकात नोंदलेला असतो. हस्तलिखितांच्या खुणेतही भाषेचे संक्षिप्त नाव, आकार दर्शविणारे अक्षर आणि अनुक्रमांक अशी रचना आढळते. तात्पर्य, वस्तू कोठे आहे हे माणसाच्या स्मरणावर अवलंबून ठेवलेले नाही.

औषधशाळाचालकांस ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. बरणीवर चिठ्ठी नसेल तर आतील चूर्ण कितीही उत्तम असले तरी ते देता येत नाही. बॅच क्रमांक, घटकद्रव्यांची नोंद, निर्मितीची तारीख यांशिवाय औषध दुकानात जात नाही. शिवाय शास्त्रोक्त औषधाचा परवानाच मुळी औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांवर आधारलेला आहे. ते ग्रंथ आपल्यापर्यंत आले ते पोथ्यांमधून. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून चरक व सुश्रुत यांच्या आवृत्त्या सिद्ध केल्या, त्या निरनिराळ्या प्रतींचे पाठ ताडून. प्रती उपलब्ध नसत्या तर पाठभेद कळला नसता आणि मात्रेतील वा द्रव्यातील शंका तशीच राहिली असती.

आपण काय करावे

आपल्याकडे संस्था नाहीत असे नाही. पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झाले. तेथील वैद्यकविषयक सरकारी हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३९ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने या कार्याची नवी योजना घोषित झाली. तथापि घराघरांतील बासने कोणत्याही सूचीत नाहीत. ती नोंद करू शकणारा मनुष्य म्हणजे त्या घराशी परिचय असलेला स्थानिक वैद्यच होय.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही घ्यावी. प्रत्येक पोथीस क्रमांक द्यावा. तो पोथीवर न लिहिता बासनास बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. ग्रंथाचे व ग्रंथकाराचे नाव, आरंभीचे व शेवटचे शब्द, पत्रांची संख्या, लांबी-रुंदी, लिपी (देवनागरी की मोडी), लेखनाचा शक असल्यास तो, आणि पोथी कोणाच्या ताब्यात आहे, एवढे लिहावे. नाव ओळखता न आले तरी आरंभ व शेवट जसाचा तसा उतरवावा. जाणकारास तेवढ्यावरून ग्रंथ ओळखता येतो. फाटलेल्या पत्रास चिकटपट्टी लावू नये आणि पत्रे प्लास्टिकमध्ये बंद करू नयेत. सुती बासन, कोरडी जागा आणि वर्षातून एकदा तपासणी पुरेशी आहे. प्रत्येक पत्राचे छायाचित्र घेऊन त्याच क्रमांकाने जपावे. हाताने लिहिलेल्या योगांच्या वह्या पोथीइतक्याच मोलाच्या समजाव्यात. ७५ वर्षांहून जुन्या व शास्त्रीय मूल्य असलेल्या हस्तलिखितास १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून ते परदेशी पाठविण्याच्या मोहापासून दूर राहावे.

अनेक घराण्यांत योग गुप्त ठेवण्याची परंपरा आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. परंतु सूची म्हणजे योग उघड करणे नव्हे. आत काय लिहिले आहे हे न सांगताही पोथी आहे, अमुक ठिकाणी आहे, एवढे नोंदविता येते. पुढची पिढी वैद्यकाकडे न वळल्यास तीच नोंद त्या पोथीचा एकमेव आधार ठरेल. प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एक दिवस या कामासाठी द्यावा, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.