परसबागेतील मोहोर

माघ लागला की यवतमाळ जिल्ह्यातील परसदारीचा आंबा मोहोरलेला दिसतो आणि संत्र्या-लिंबावर आंबिया बहार येतो. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकडो ते हजारो फुले असतात. परंतु त्यांतील पुष्कळशी केवळ नरफुले असून फळ धरते ते उभयलिंगी फुलांपैकी थोड्यांनाच. परागीभवनाचे कार्य माश्या व मधमाश्या करतात. म्हणून तुडतुड्यांचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वीच करावा. ऐन बहारात कीटकनाशक फवारल्यास किडीबरोबर मधमाश्याही मरतात व फळधारणा घटते. संत्र्याचा ताण तोडल्यावर पाणी नियमित द्यावे. खंड पडल्यास फुलगळ होते. शाळा व ग्रामपंचायतींनी आपल्या आवारातील झाडांवर हे प्रत्यक्ष दाखविल्यास ही माहिती घरोघरी पोहोचेल.