जुन्या नाण्यांची पारख : वाकड परिसरानिमित्त कांहीं विचार

पाणिनीनें ‘रूप्य’ शब्द साधतांना ‘आहत’, म्हणजे ठोकून उमटविलेलें रूप, हा अर्थ धरिला आहे. धातूच्या तुकड्यास नाणेंपण येतें तें छापामुळें, हें त्यावरून उघड आहे. असें असतां आज जुन्या नाण्याचें मोल प्रथम चांदीच्या भावानें व मग बाजारांतील हौसेनें ठरतें. छापाचें वाचन पुष्कळदां होतच नाहीं. हा क्रम उलटा असावा, असें आमचें मत आहे.

वाकड हें पूर्वीं शेतीचें गांव. आतां तेथें व आसपास जुनीं घरें पाडून उंच इमारती उठत आहेत, आणि भिंतींतील व जमिनींतील पुंजी अशा वेळींच बाहेर येते. जवळच्याच चिखली येथें बांधकामाच्या जागीं मजुरांस सांपडलेल्या २१६ सुवर्णमुद्रा इ. स. २०२१ त पोलिसांनीं हस्तगत केल्या. त्यांचें वजन २,३५७ ग्रॅम, म्हणजे दर नगास सुमारें १०.९ ग्रॅम भरतें. मोगल मोहरेच्या वजनाशीं तें जुळतें. वजन असें मागाहूनही करितां येतें. परंतु कोणतीही पुंजी एकदां जागेवरून हलली, कीं ती कोणत्या थरांत व कशाच्या सोबतीनें होती, हें सांगणारा पुरावा नाहींसा होतो.

छाप वाचल्यानें काय लाभतें, याचें उत्तम उदाहरण पुण्याचा अंकुशी रुपया. सत्ता पेशव्यांची, परंतु अक्षरें फारसी व नांव दिल्लीच्या बादशहाचें. त्यांत अंकुशाची खूण. ठसा नाण्याहून मोठा असल्यानें मजकूर बहुधा अर्धवटच उमटतो; म्हणून कडेचें एखादें अक्षरही मोलाचें. असे रुपये सरसकट ‘पेशवाई’ म्हणून विकले जातात. परंतु त्यावर १२३४ असा फसली आंकडा दिसल्यास त्यांत ५९० मिळवावे, इ. स. १८२४ येतो. अर्थात् तें नाणें पेशवाई बुडाल्यानंतरचें, कंपनीच्या अमदानींतील ठरतें. चांदी तीच, खूण तीच. इतिहास मात्र निराळा.

त्या काळीं टांकसाळीगणिक रुपयाचा कस निराळा असे, व सराफ त्याप्रमाणें बट्टा घेत. इ. स. १८३५ त कंपनीनें १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरविला. हें प्रमाण पुढें शतकभर टिकलें, इ. स. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निकलचा आहे. तेव्हां केवळ ‘जुना रुपया’ म्हणून चांदीचा भाव देणारा फसतो. नोटांचीही गोष्ट अशीच. पहिल्या महायुद्धांत चांदी दुर्मिळ झाल्यानें १९१७ त एक रुपयाची व १९१८ त अडीच रुपयांची नोट निघाली. तेथें कागदास मोल नाहीं. सही, वर्ष व नोटेची स्थिति हींच पाहावयाचीं.

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे १०० नवे पैसे झाले. तत्पूर्वीं रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. त्या हिशेबांतील चवली, पावली, अधेली अद्याप कित्येक घरीं डब्यांत पडून आहेत. त्यांस चिंच वा राख लावून उजळूं नये. घांसल्यानें अक्षरें झिजतात, व जाणता ग्राहकही किंमत कमी देतो. वजन, व्यास, छाप व सांपडल्याची जागा एका चिठ्ठीवर लिहून ती नाण्याजवळच ठेवावी. इ. स. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक मोलाचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. त्या कळविण्यांत धनाचें स्वरूप, जागा व दिवस हीं नमूद करावयाचीं असतात. संशोधकासही नेमकें हेंच हवें असतें.

मुशींत गेलेली चांदी पुन्हां मिळते, छाप मिळत नाहीं. वाकडच्या ज्या घरांत अशीं नाणीं असतील, त्यांनीं तीं मोडण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचे ठसे कागदावर उतरून घ्यावे व तीं कोणाकडून आलीं तें वडीलधाऱ्यांस विचारून ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.