सिकलसेलग्रस्त गर्भवती : वेदनेची निगा

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत कोरकू, भिलाला, निहाल बांधवांच्या वस्त्या आहेत, तर दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पसरलेला आहे. या परिसरातील गर्भवती वरवट बकाल येथील ग्रामीण रुग्णालयात तपासणीसाठी येतात. हातपाय फुटल्यासारखे दुखतात, कंबर धरते, ही त्यांची नित्याची तक्रार. घरी मात्र 'दिवस गेले की असे व्हायचेच' एवढ्यावर तिची बोळवण होते. बहुतेकींच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु विदर्भात या दुखण्यामागे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असू शकतो, याचे विस्मरण परवडणारे नाही.

या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन 1910 मध्ये शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. निरोगी तांबडी पेशी गोल व लवचिक असते. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडताच ती ताठर होऊन विळ्याचा आकार घेते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढील भागाचा रक्तपुरवठा खुंटतो आणि हाडे, सांधे, छाती वा पोटात असह्य कळा उठतात. या पेशी अल्पायुषी असल्याने रक्तक्षय कायमचाच सोबतीला राहतो. आदिवासींप्रमाणेच अनुसूचित जातींतील काही समाजांतही हा विकार आढळतो. त्याचा देवाच्या कोपाशी वा बाहेरच्या बाधेशी काडीचाही संबंध नाही.

गर्भारपणात शरीराची रक्ताची व प्राणवायूची गरज वाढते. त्यामुळे वेदनेचे झटके अधिक येतात. विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत आणि प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत. जंतुसंसर्ग, रक्तदाब वाढणे, बाळाची वाढ खुंटणे हे धोकेही संभवतात. तथापि वेळेवर नोंदणी व नियमित देखरेख असेल तर अशा अनेक स्त्रिया सुखरूप माता होतात.

झटका टाळण्याचा पहिला उपाय अगदी साधा आहे : पाणी. शरीरातील पाणी आटले की पेशी लवकर विळ्याचा आकार घेतात. आता वैशाखातील वऱ्हाडचे ऊन आणि खारपाणपट्ट्यातील मचूळ पाणी यांची सांगड घालून पाहावी. विहिरीचे पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून तहान मारणारी स्त्री नकळत झटक्याला आमंत्रण देत असते. घरात आलेल्या गोड्या पाण्यावर पहिला हक्क गर्भवतीचा, एवढे तरी कुटुंबाने मानावे. वांत्या होऊन पाणी टिकत नसेल तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. पहाटेच्या थंडीत दवाने भिजलेल्या शेतात कापूस वेचणे, भर उन्हात निंदण करणे, जड ओझे उचलणे ही कामे इतरांनी वाटून घ्यावीत.

सौम्य वेदनेवर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घेता येते. शेक व विश्रांतीनेही आराम पडतो. दुकानातून परस्पर आणलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या मात्र घातक ठरू शकतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत व सातव्या महिन्यानंतर टाळावी लागतात, कारण त्यांचा परिणाम गर्भावर होतो. तीव्र झटक्यात रुग्णालयात दाखल होऊन सलाईन, प्रभावी वेदनाशामक व गरजेनुसार प्राणवायू घ्यावा. वेदना मुकाट सोसण्यात कोणताही मोठेपणा नाही. ताप, छातीत दुखणे, धाप, तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास एक रात्रही थांबू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार असतानाच डॉक्टरांना सांगावे. ते सामान्यतः तीन महिने आधी बंद केले जाते. फॉलिक ॲसिड प्रत्येकीला हवेच. लोहाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. सर्वसाधारण रक्तक्षयात त्या गुणकारी. पण सिकलसेलचा रक्तक्षय पेशी फुटल्याने होतो, त्यात लोहाची कमतरता असतेच असे नाही. वारंवार रक्त दिलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह उलट साठत जाते. म्हणून गोळ्या तपासणीनंतरच सुरू कराव्यात.

पतीची रक्ततपासणी हा नाजूक विषय; तो टाळण्याकडेच घरच्यांचा कल असतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. एक रुग्ण व दुसरा वाहक असेल तर ती 50 टक्के होते. गर्भातील बाळाची तपासणी लवकरच्या आठवड्यांत करता येते, म्हणून पहिल्या भेटीतच हा प्रश्न मोकळेपणाने बोलावा.

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. तेव्हा ओटीच्या साहित्याबरोबर तपासणीचे कार्ड व रक्तगटाची नोंदही पिशवीत असावी आणि माहेरच्या आशाताईंना आधीच कळवावे. प्रसूती रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात औषधे, रक्त व ने-आण विनामूल्य आहे. केवळ सिकलसेल आहे म्हणून शस्त्रक्रिया करावी लागत नाही. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत अनेक घरांत आहे. या मातेच्या बाबतीत ती पूर्णपणे सोडावी, आणि सव्वा महिन्याच्या आतच बाळाचे रक्तही तपासून घ्यावे.